लाल वहीतली शिक्षा

घराची मूळ रजिस्ट्री, म्हणजे खरेदीखत, पाहिल्याशिवाय बिलासपूरचा सेठ इसाराचा एक रुपया द्यायला तयार नव्हता, आणि रजिस्ट्री शामरावांच्या पत्र्याच्या पेटीत होती. म्हणून शामराव जाऊन तीन महिने होत आले असताना, रविवारी सकाळी, ती पेटी पलंगाखालून निघून बैठकीच्या मधोमध आली. त्यांच्या हयातीत तिला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती. मालधक्क्यावर पस्तीस वर्षं बाबूगिरी केलेला माणूस, पेटीची किल्ली करदोड्याला बांधून हिंडायचा.

त्यांची मुलगी पद्मिनी शहरातल्याच गुढियारीहून रिक्षानं आली, तोवर पेटी उघडून झाली होती. तात्यापाऱ्याच्या गल्लीत शिरतानाच तिला तीन घरांवर सरकारी खात्यांच्या कोऱ्या पाट्या दिसल्या. एकीचा तर रंगही वाळला नव्हता. परवापर्यंत ज्या गच्चीवर पापड वाळत होते तिथं आता संचालनालय! नोव्हेंबरात रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं काय, आणि गल्लीतला माणूस न् माणूस चौरस फुटांत बोलायला लागला काय. तिच्या माहेरच्या या घराला दोन वर्षांपूर्वी तीन लाखांनाही कोणी विचारत नव्हतं. सेठ आता अठरा लाख म्हणत होता. त्या आकड्याची शून्यं तिनं रिक्षात बसल्याबसल्या बोटांवर मोजली आणि स्वतःशीच हसली, कारण त्यातलं एकही तिच्या वाट्याचं नव्हतं.

तिला बोलावलं होतं ते सहीसाठी. टेबलावर स्टॅम्पपेपर टाइप होऊन तयार पडला होता. बापाच्या घरावरचा आपला हक्क बहीण राजीखुशीनं भावाला सोडून देते, असा तो कागद. नवरा गेल्यापासून ती गुढियारीत भाड्याच्या दोन खोल्यांत प्रायमरीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन राहत होती. पैसा कोणाला नको असतो? पण भावाशी भांडून घ्यायचा नाही, हे तिनं ठरवलं होतं. सही ती करणार होती. तिची अट एकच होती आणि ती तिनं आठ दिवसांपूर्वीच कळवली होती.

"दादा, आधी ते बोल," चप्पल काढताकाढताच ती म्हणाली.

रामकृष्ण पेटीपुढं मांडी घालून बसला होता. बांधकाम खात्यातला साहेब माणूस, पण आज धुळीनं माखलेला. "आली का तू पद्मा? बस ना. पाणी पी. शारदा, पाणी दे हिले."

"पाणी पेते मी. तू बोल. एका वाक्याचं काम आहे. म्हण, 'पद्मा, माह्या फीसाठी तुह्यं कॉलेज सुटलं.' एवढंच म्हण अन् पेन दे."

"आता तीस वर्षांचं उकरून काय भेटते तुले?"

"ते माह्यं मी पाहीन."

"मी नागपूरले होतो व तवा! बाबांचं पत्र आलं का पद्मानं स्वतःहून नाव काढलं. लग्नाचं पाहून राहिलो म्हणे. मंग मी काहून खोटं बोलू?"

पद्मिनी बसली. स्वतःहून! बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात वर्गात पहिली आलेली पोट्टी स्वतःहून नाव काढते! त्या दिवशी बाबा तिला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेले, नाव काढायच्या अर्जावर तिची सही घेतली आणि परत येताना गोल बाजारात तिला एक स्टीलचा डबा घेऊन दिला. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. नंतरही कधीच नाही. तो डबा तिच्याकडे अजून होता, पोरांच्या फीचे पैसे ती त्यातच ठेवायची. बाप मेला तेव्हा ती रडली ते त्यासाठी नाही, पण रडताना मनात हेच होतं की आता हे कोणीच कबूल करणार नाही.

"ताई, हे पाहा तं," शारदावहिनीनं विषय बदलावा म्हणून एक कागद पुढं केला. घर विकून फ्लॅटमध्ये जायची शारदाला फार घाई होती, त्यामुळे आज ती पूर्णपणे नवऱ्याच्या बाजूनं होती. पण सासऱ्यांच्या, म्हणजे तिच्या मामाजींच्या, पेटीपुढं आवाज मात्र खरोखरच हरखलेला. "मामाजीनं काय काय जपून ठेवलं! ह्या पावत्या पाहा."

आणि खरंच, अजबच पेटी होती ती. १९४६ सालचं एका बँकेचं पासबुक निघालं, आत त्र्याऐंशी रुपये शिल्लक आणि शेवटच्या पानावर शामरावांच्या कोरीव अक्षरात 'बँक बुडाली. वाट पाहू नये.' रेल्वेच्या सोसायटीच्या पावत्या, वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले. लग्नात मोडलेल्या पाटल्यांची सराफाची चिठ्ठी. कांताबाईंच्या, म्हणजे आईच्या, बाळंतपणाचं बिल, साडेसात रुपये. आपण जन्मलो ते साडेसात रुपयांत, हे पाहून रामकृष्णही क्षणभर सेठला विसरला.

"पापा, मिल गई!" स्वानंदनं मळकट लखोट्यातून जाड कागद काढला. रामकृष्णाचा हा मुलगा एका खाजगी बँकेत होता. मराठी त्याला सगळी कळायची, वाचताही यायची, पण तोंडातून निघायची हिंदीच. "रजिस्ट्री, उन्नीस सौ अट्ठावन. बयालीस सौ रुपये. बयालीस सौ में ये पूरा मकान, बुआ! सोचो!"

चौघंही त्या कागदावर वाकली. बेचाळीसशे. खालची सही शामरावांची, एकेक अक्षर सुटं, चौतीस वर्षांच्या तरुण बाबूची. त्या बेचाळीसशेत किती वर्षांचं पोट मारलं असेल, हे त्या घरातल्या प्रत्येकाला आपापल्या परीनं ठाऊक होतं.

लखोट्याखालीच लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. स्वानंदनं ती चाळायला घेतली. बँकेतल्या पोराचा डोळा, पानं उलटताउलटता तो थबकला.

"पापा, एक मिनट. ये देखिए. हर महीने की एक तारीख को एक एंट्री है. 'शिक्षा, पद्मिनी, सहा रुपये.' जुलाई इकहत्तर से." त्यानं भराभर पानं पलटली. "एक महीना नहीं छूटा! बाद में नौ, फिर पंद्रह, तीस... और आगे एक सौ बीस. बुआ, आबाजी तो आपकी पढ़ाई पे उनतीस साल पैसा देते रहे!"

रामकृष्णानं वही जवळजवळ हिसकावलीच. पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे घे! हे पाय पद्मा. बापाच्या हातचं लिहेलं आहे. शिक्षा! तुह्या शिक्षेवर खर्च केला माणसानं, दर महिन्याले! अन् तू म्हणते तुह्यं शिक्षण बुडवलं?"

पद्मिनीनं वही घेतली. अक्षर बाबांचंच. शिक्षा, पद्मिनी. शिक्षा, पद्मिनी. पान उलटलं तरी तेच. दिवसभर ती गुढियारीच्या पोरांना हिंदीत शिकवायची, शिक्षा का महत्त्व, निबंध लिखो. त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की जिचं कॉलेज जुलै एकाहत्तरमध्ये बंद केलं, तिच्या कॉलेजचा खर्च बापानं जुलै एकाहत्तरपासून वहीत दाखवला.

"एक पैसा नाही भेटला मले," ती म्हणाली. "कोणती पढाई? एकाहत्तरनंतर मी पाटीले हात लावला नाही दादा. चूल फुंकली मी दोन वर्षं, अन् मंग लग्न झालं."

"मंग काय बाबा खोटं लिहीत होते?"

हेच. हेच तर तिला विचारायचं होतं, आणि तिच्या आधी भावानं विचारलं. मालगाडीतलं एक पोतं कमी भरलं तर स्वतःच्या खिशातून भरणारा माणूस, त्यानं पोरीच्या नावानं खोटा खर्च लिहिला? कोणाला दाखवायला? स्वतःला समजवायला? तिला वाटलं, नको ते वाक्य, नको काही. सही करावी आणि निघावं. पुन्हा या गल्लीत यायचं नाही.

"आण इकडं पेन," ती म्हणाली.

रामकृष्णानं पेन दिलं. टोपण त्यानंच काढून दिलं.

"थांबा व ताई," शारदा म्हणाली.

ती वही मांडीवर घेऊन बसली होती आणि बोटानं आकडे खाली खाली नेत होती. "स्वानंद, सहा कवा होते? अन् नऊ कवापासून झाले?"

"चौहत्तर से नौ. अठहत्तर में पंद्रह. मम्मी, फीस बढ़ती है ना, नॉर्मल है."

"कॉलेजची फी एकोणतीस वर्षं असते काय रे येड्या?" शारदा नवऱ्याकडे वळली. "अवो, मी आर्वीची आहे. मराठी शाळेत शिकली. आमच्या शाळेत गुरुजी शिक्षा करत, म्हणजे अंगठे धरून उभे करत. पढाईले आम्ही शिक्षण म्हणतो. मामाजी तं तुमच्यावाणी हिंदी घुसवतच नव्हते. मी एक डाव 'कोशिश' म्हटलं तं मले म्हणे, सूनबाई, प्रयत्न म्हणा."

स्वानंदनं बापाकडे पाहिलं. "मतलब... सज़ा?"

"हव. सज़ा."

"पद्माले? पद्मानं काय केलं होतं?" रामकृष्ण गोंधळला. "अन् सज़ेचे कोणी पैसे देते काय?"

शारदा ऐकत नव्हती. तिचे ओठ हलत होते. "सहा रुपये. तीस दिवस. रोजचे वीस पैसे..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं माय."

"काय झालं वहिनी?"

"चहा! ताई, दहा पैसे कप होता तवा. दोन वेळचे वीस. मी चौऱ्याहत्तरमध्ये लग्न होऊन आली तवा पंधरा पैसे झाला होता, तीस दिवसांचे नऊ. हे पाहा, नऊ! मंग चार आणे, पंधरा रुपये. आठ आणे, तीस रुपये. आता दोन रुपये कप, एकशे वीस." तिचे डोळे भरून आले. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी मामाजीले चहा नेऊन देल्ला तं हात जोडले त्यायनं. म्हणे, सूनबाई, मले पित्त होते. मले वाटलं माह्या हातचा चहा बेकार आहे. सहा महिने मी मोरीत तोंड लपवून रडली. अन् हा माणूस..."

पद्मिनीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. बाबा आणि चहा! मालधक्क्याच्या हॉटेलातला बशीत ओतून फुर्रकन ओढलेला चहा. ती लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हा पोत्यांच्या आडून तो आवाज ऐकूनच तिला बाबा कुठं आहेत ते कळायचं. तिचं कॉलेज सुटलं त्याच पावसाळ्यात तो बंद झाला होता. डॉक्टरनं नाही म्हटलं, असं आईनं सांगितलं, आणि तिनं ते मान्य करून टाकलं. दोन वर्षं तिनं त्याच घरात रोज चहा केला आणि तिला कधी संशयसुद्धा आला नाही.

"शिक्षा कशाची, ते कुठं असंल ना लिहेलं," ती म्हणाली. "बाबा कारण लिहिल्याशिवाय काही करत नव्हते."

शारदानं जुलै एकाहत्तरचं पान काढलं. पहिल्या 'शिक्षा'च्या वर एक छापील पावती डिंकानं चिकटवलेली होती. नागपूरच्या पॉलिटेक्निकची, फी आणि हॉस्टेल मिळून तीनशे दहा रुपये, नाव रामकृष्ण शामराव उमाठे. एका बाजूनं डिंक सुटला होता. शारदानं नखानं हळूच कड उचलली, आणि पावती पानापासून निघून आली. खाली लिहिलेलं होतं.

तिनं वाचलं नाही. वही तशीच पद्मिनीपुढं धरली. पण पद्मिनीला अक्षरं दिसेनात, म्हणून शेवटी स्वानंदनंच वाचलं, एकेक शब्द चाचपडत, मराठीत. रेल्वेत बाबूला दंड झाला की जसा हुकूम निघतो, तसाच तो मजकूर लिहिलेला होता.

"'आरोपी, शामराव गोविंदराव उमाठे, माल क्लार्क, रायपूर. गुन्हा, मुलाची फी भरण्यासाठी मुलीचे नाव कॉलेजातून काढले. मुलगी वर्गात पहिली होती. मुलगा एकदा नापास झालेला होता. मुलाला खोटे कळवले की तिने स्वतः सोडले. आरोपीस गुन्हा कबूल आहे.'" स्वानंदनं बोट पुढच्या ओळीवर नेलं. "'शिक्षा, दोन्ही वेळचा चहा बंद. चहाचे पैसे दर एक तारखेस मुलीच्या नावे पोस्टात भरावे. चहाचा भाव वाढल्यास रक्कम वाढवावी. मुदत, मरेपर्यंत.'"

बाहेरच्या रस्त्यानं लाल दिव्याची गाडी भोंगा वाजवत गेली. त्या गल्लीत आताशा रोज एक जायची. आत कोणी मान वर केली नाही.

पासबुकं पेटीच्या तळाशी निघाली, रुमालात बांधलेली, चार एकाला एक शिवलेली. पद्मिनी शामराव उमाठे. लग्नाआधीचं नाव. आयुष्यात पुन्हा कधी कुठल्या कागदावर ते नाव इतक्या वेळा लिहिलं गेलं नव्हतं. एका महिन्याचाही शिक्का चुकला नव्हता. आई गेली त्या महिन्याचा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या महिन्याचाही होता. व्याज धरून एकवीस हजारांच्या वर गेले होते. अठरा लाखांपुढं तो आकडा म्हणजे काहीच नाही, पण स्वानंदनं तो दोनदा मोजला, आणि दुसऱ्यांदा मोजून झाल्यावर पासबुकं कपाळाला लावली. बँकेत दिवसभर लोकांची पासबुकं फेकाफेकी करणारा पोरगा तो.

"और ये लास्ट एंट्री, बुआ," लाल वहीचं शेवटचं पान काढून तो हळू आवाजात म्हणाला. "एक नवंबर. 'आज रायपूर राजधानी झाले. चहावाला तीन रुपये मागतो. शिक्षा एकशे ऐंशी.'" हसावं की रडावं ते त्याला कळेना. "नौ दिन बाद तो चले गए."

आता रामकृष्णानं वही ओढून घेतली आणि ते पान स्वतः वाचलं, 'मुलगा एकदा नापास झालेला होता' या ओळीवर बोट ठेवून. मग बोट खाली सरकलं. हुकमाच्या खाली, अगदी कडेला, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. स्वानंदनं ती वाचली नव्हती, किंवा त्याच्या तोंडून ती निघाली नव्हती.

"पद्मा," रामकृष्ण म्हणाला. "हे तू आईक." आणि त्यानं वाचलं, "'मुलीस सांगू नये. सांगितल्यास ती लगेच माफ करील. मग शिक्षा राहणार नाही.'"

पद्मिनी आता मात्र मोठ्यानं रडली. एवढं ओळखत होता बाप! तीस वर्षं ती समजत होती की त्यानं डबा हातात दिला आणि विषय मिटवला. आणि तो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ, दोनदा, तिची आठवण काढत होता. घरभर चहाचा वास सुटला की उठून अंगणात जात होता. एकटा. कोणाला न सांगता.

शारदानं तिला जवळ घेतलं आणि डोक्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, तो स्टॅम्पपेपर. त्याच्यावर साक्षीदार म्हून मी सही करणार नाही. सांगून ठेवते."

"तुले कोणी कर म्हटलं?" रामकृष्ण खेकसला, पण त्यात दम नव्हता. त्यानं हात लांब करून टेबलावरचा कागद घेतला, चार घड्या केल्या आणि त्याच लखोट्यात, रजिस्ट्रीच्या मागं सारला. "स्वानंद, वकिलाले फोन कर. म्हणा कागद नवा कर. विकणाऱ्यायची नावं दोन टाक. अर्धं अर्धं." मग तो बहिणीकडे वळला. "पद्मा. माह्या फीसाठी तुह्यं कॉलेज सुटलं. अन् मले... मले थोडं थोडं माहीत होतं व. सुट्टीत आलो तं तुह्यी पुस्तकं माळ्यावर दिसली. मी विचारलंच नाही."

पद्मिनीनं पदरानं तोंड पुसलं. वाक्य तिनं सांगितलं तसंच्या तसं आलं होतं, आणि वर जे आलं ते तिनं मागितलंही नव्हतं.

शारदा आत गेली आणि चहा टाकला. आल्याचा वास बैठकीत आला तसे सगळेच जरा अवघडले. चार कप आले. स्वानंदनं घेतला. पद्मिनीनं घेतला. रामकृष्णानं आपला कप दोन बोटांनी दूर सारला.

"मले नको. आजपासून..."

"काय आजपासून?"

त्यानं लाल वहीवर हात ठेवला. पद्मिनीनं त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर धूळ, आणि चेहरा नापास होऊन घरी आलेल्या पोराचा.

"दादा," तिनं कप उचलून त्याच्या हातात दिला, "मुकाट्यानं पे. या घरात एकानं सोडला तेवढा पुरे झाला."

रामकृष्णानं चहा बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला.